बॉनेट कापायचं नाही

आर्याला मी ती तान्ही असल्यापासून ओळखतो. इथेच, शारजात वाढलेली मुलगी. मराठीत काही विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच येणार. त्या मंगळवारी सकाळी देरातल्या माझ्या ऑफिसात तिचा फोन आला आणि ती स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘‘काका, बाबा गेले.’’ मी कितीतरी वेळ तिला कुठलं हॉस्पिटल, कुठला मजला, हेच विचारत राहिलो... जणू मी लवकर पोचलो तर काही फरक पडणार होता.

दत्ता परब. मूळचा कणकवलीचा, रास अल खोरमधल्या एका गॅरेजचा फोरमन, शारजात अल नहदाला आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहणारा माझा मित्र. कामावर निघताना लिफ्टपाशी कोसळला तो उठलाच नाही. आज चार महिने झाले. भेटेल तो म्हणतो, फार चांगला माणूस होता. होताच. पण महाहट्टी होता, हे कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहायला बसलो आहे.

त्याच्या हट्टाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आमची गाडी. भंगारात निघालेला एक जुना अमेरिकन पिकअप आम्ही दोघांनी मिळून घेतला होता. त्याचं मूळ इंजिन केव्हाच मेलेलं. दत्ताने अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन त्यात बसवायला घेतलं. जुन्या सांगाड्यात असं दणकट इंजिन घातलेल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात, हे मला त्यानेच शिकवलं. गॅरेजच्या अरबी मालकाने मागचा एक कोपरा आम्हाला वापरायला दिला होता. पिकअपचं बॉनेट चुरगळलेल्या कागदासारखं होतं. दत्ताने सहा महिने रविवारचे रविवार हातोडीने ठोकून ते सरळ केलं. हात फिरवला तर कुठे पोचा होता ते कळणार नाही, इतकं सरळ. माझं काम चहा आणणे आणि टॉर्च धरणे.

मग आला इनटेकचा प्रश्न. इंजिनाच्या डोक्यावर बसून हवा आत वाटून देणारा भाग म्हणजे इनटेक. त्याच्या तोंडाशी एक झडप असते, ती थ्रॉटल बॉडी. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की ती उघडते. बहुतेक गाड्यांना एक असते. दत्ताला दोन हव्या होत्या.

‘‘एकाने काम होतं ना? मग दुसरी कशाला?’’ मी म्हटलं.

‘‘अरे, लग्नात एकच सनईवाला आणलास तरी लग्न लागतंच की. पण मजा आहे काय?’’

‘‘आणि दोन्ही एकदम उघडून गाडी भिंतीवर गेली म्हणजे?’’

‘‘एकदम उघडायच्याच नाहीत. अर्ध्या पायापर्यंत एकच. मग दुसरी सामील होणार. ती जोडणी मी स्वतः बनवतो. यल्ला, चल, तू फक्त बॉनेटखाली जागा किती आहे ते मोजायला क्ले आण.’’

इथे माझी चूक झाली. इंजिनावर मऊ क्लेचे गोळे ठेवायचे, बॉनेट मिटायचं, उघडून दबलेल्या गोळ्याची उंची मोजायची, अशी ही साधी पद्धत. मला उन्हात स्टेशनरीच्या दुकानापर्यंत चालायचा कंटाळा आला. गॅरेजशेजारच्या पठाणाच्या तंदुरावरून मी नानची कणीक मागून आणली. बॉनेट मिटलं, उघडलं, गोळे छान दबले. तेवढ्यात पठाणाने जेवायला बोलावलं. दोन तासांनी येऊन आम्ही मोजलं. खमीर घातलेली ती कणीक त्या उकाड्यात फुगून चांगली टम्म झाली होती, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही!

त्या मापावर मागवलेला इनटेक अमेरिकेहून आला तो तब्बल इंचभर उंच. झडपा वर तोंड करून बसलेल्या, बॉनेट मिटेना. सगळं गॅरेज म्हणालं, बॉनेटला वरून भोक पाडा, हॉट रॉडला शोभूनच दिसतं. दत्ता माझ्यावर एक शब्दही ओरडला नाही, हे मला आजही टोचतं. तो एवढंच म्हणाला, ‘‘बॉनेट कापायचं नाही. आणि झडपा दोनच.’’ ज्याच्या दोन्ही झडपा पुढे तोंड करून शेजारी शेजारी बसतात, असा बुटका इनटेक तो शोधू लागला. तो सापडायच्या आधीच तो मंगळवार आला.

दत्ताचे दिवस झाल्यावर त्याची बायको सुलभावहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, ती गाडी विकून टाका. मला बघवत नाही.’’ तेव्हा आर्या म्हणाली, ‘‘नो, आई. नॉट लाइक धिस.’’ ती इथेच मेकॅनिकल इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वहिनींनी तिची सुट्टी संपेपर्यंत मुदत दिली.

मला जाणकारांनी सरळ सल्ला दिला : एका झडपेचा साधा इनटेक लावा, दोन दिवसांत गाडी चालू होईल, उरलेलं काम करणारा माणूस आता नाही. सल्ला चुकीचा नव्हता. पण माझ्या आळसामुळे एकदा त्याचं काम अडलं होतं. आता माझ्याच सोयीसाठी ते बदलायचं, हे मला जमणार नव्हतं. मी ठरवलं, दोनच लावायच्या.

या वेळी क्ले आर्याने आणली, आणि बॉनेट उघडल्याउघडल्या मोजली. बुटका इनटेक मिळायला महिना गेला. दत्ताची जोडणी लेथशेजारच्या खणात अर्धवट पडली होती. आर्याने ती पुरी केली. तीनदा चुकली, एकदा रडली, चौथ्यांदा जमली. इंजिन सुरू झालं तेव्हा मी पाय हळूहळू दाबत गेलो. अर्ध्यापर्यंत गाडी शहाण्यासारखी गुरगुरत होती. पुढे दुसरी झडप उघडली आणि पत्र्याची शेड थरथरली. आर्याने दोन्ही हातांनी बॉनेट मिटलं. ते मिटलं.

गेल्या आठवड्यात गाडी तपासणीला नेली. तपासनीस बॉनेट उघडून बराच वेळ वाकून बघत होता. बदलांच्या परवानगीचे कागद त्याने बाजूलाच ठेवले.

‘‘किसने बनाया ये?’’

‘‘माय फादर,’’ आर्या म्हणाली. ‘‘और मैंने.’’

‘‘माशाल्ला! नंबर दो उनका. मेरे भाई की गाडी खडी है, इंजिन निकाला हुआ.’’

माझा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला, दत्ताचा नंबर काढायला. तो अजून तसाच आहे, पहिल्या ओळीत... आर्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या माणसाला स्वतःचा नंबर सांगितला, हळू, एकेक आकडा, त्याला नीट लिहून घेता यावा म्हणून.