पोरगी पोचेपर्यंत केर काढायचा नाही

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या रिकाम्या वेळात वाचते आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसते. ज्यांना काही काम नसतं त्यांनाच असलं दिसतं, असं माझं ठाम मत होतं. रिसोडला राहत्या घरातच माझं ब्युटी पार्लर आहे. दिवसभर आयब्रो, फेशियल, पेडिक्युअर... संध्याकाळी पाठीचा काटा ढिला होतो. मला भुतांसाठी वेळ कुठला? त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घरात आता कुणाशी बोलायची सोय उरलेली नाही.

माझी मुलगी रुचिता पुण्याला नोकरी करते. तेवीस वर्षांची आहे. दसऱ्याला घरी आली आणि जेवताजेवता म्हणाली, "मी उद्या स्पितीला चालली. हिमाचलात."

"कोणासंग?"

"सोलो आहे न आई. सोलो म्हणजे..."

"सोलो मले समजते. तुही अक्कल कुठी गेली, ते समजून नाई राह्यलं."

तिचे बाबा गालातल्या गालात हसत होते, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. मी दोघांशीही बोलणं टाकलं. तरी सकाळी उठून चिवडा भरून दिलाच. अकोल्याहून तिची ट्रेन होती. बैठकीच्या दारातून "येते" म्हणाली आणि गेली. मी डोळे पुसले आणि सवयीने झाडू हातात घेतला, तर सासूबाई ओरडल्या.

"ठेव वो खाली! मेलेलं मानूस घराबाहेर काढलं का मंग झाडतेत. जित्या लेकरामागं काहून झाडून राह्यली तू?"

ही पद्धत आमच्याकडे घरोघरी आहे. गावाला निघालेलं माणूस पोचेपर्यंत केर काढायचा नाही. एरवी चार-सहा तासांत फोन येतो, 'पोचलो', की झाडायला मोकळं. पण ही सोलोवाली पोचणार कुठे? आज दिल्ली, उद्या शिमला, परवा आणखी वर. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, दिल्लीले पोचली ती."

"तिथं काय घर हाये तिचं? घरी येईन तवा पोचली."

शेवटी तह झाला. बाकी घर मी झाडायचं, फक्त बैठकीला हात लावायचा नाही. बैठकीच्या दाराला आतून कडी घातली आणि आम्ही पार्लरच्या दारानं ये-जा करू लागलो. दिवस सोयाबीनचे. घर मार्केट यार्डाच्या रस्त्यावर, ट्रॅक्टरची रांग लागलेली. दोन दिवसांत बैठकीच्या फरशीवर धुळीचा असा थर बसला की बोटानं नाव लिहावं.

सुरुवातीला रुचिताचे फोटो यायचे. बर्फ, चहा, कुत्र्याची पिल्लं. मग फोन लागेना. वर नेटवर्क नसतं हे तिनं निघतानाच सांगितलं होतं, पण जिवाला कुठे कळतं? मी दर पाच मिनिटांनी तिचं लास्ट सीन बघायची. एका होणाऱ्या नवरीची भुवई वाकडी झाली माझ्या हातून. तिच्या आईनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अशात एका दुपारी टॉवेल काढायला मधल्या दारानं बैठकीत गेले. धुळीत पाय उमटले होते. अनवाणी. बाहेरच्या दारापासून आत आलेली दोन पावलं, बस. कडी होती तशीच होती. मला वाटलं, सासूबाईंचा उद्योग... मग डाव्या पायाकडे लक्ष गेलं. चारच बोटं.

रुचिताच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली. ओल्या पायानं फिरली की फरशीवर चारच बोटं उमटायची. लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनशिवाय सरळ होणार नाही, आणि त्रास नाही तर करू नका. रोज लोकांचे पाय हातात घेणारी बाई मी. माझ्या पोरीचा पाय मी चुकेन?

दुसऱ्या दिवशी पावलं सोफ्यापर्यंत आली होती. तिसऱ्या दिवशी थेट तिच्या खोलीच्या दाराशी. सगळी आत येणारी, परत जाणारं एकही नाही. फोन अजून बंदच. सासूबाई भिंत धरत धरत आल्या, खाली बघितलं आणि हात जोडले. डोळ्यांतून पाणी.

"आली माय. घरी पोचली. आता तिले झाडू नको वो."

त्या काय म्हणतायत हे समजायला मला एक क्षण लागला. समजलं आणि माझं डोकं फिरलं. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभावच आहे. "जिवंत आहे माझी पोरगी!" असं ओरडून मी झाडू घेतला आणि बाहेरचं दार सताड उघडलं. भर दुपारची उन्हं आत आली. मी तिच्या खोलीच्या दारापासून झाडत निघाले, तोच आतून आवाज आला.

"आई... थांब न."

घाबरलेला नव्हता. वेणी घालताना केस ओढले गेले की ती जशी म्हणायची, अगदी तसा. मी थांबले नाही. मागे वळूनही बघितलं नाही. सगळी धूळ उंबऱ्याबाहेर लोटली आणि दार लावलं.

हात धूत होते तेवढ्यात फोन वाजला. "आई! आलं बाप्पा नेटवर्क! किती कॉल केले न तू?" मी रडले, तिला शिव्या दिल्या, पुन्हा रडले. सासूबाईंकडे फोन नेला तर त्यांनी तोंड फिरवलं.

दिवाळीला ती घरी आली. रापलेली, हसरी. पहिल्या आंघोळीला पाटावर बसवून मी तिला तेल लावत होते. डावा पाय हातात घेतला. पाचही बोटं ओळीत. करंगळी सरळ.

"हे कसं झालं?"

"शूजनं झालं असन. कोण पाहते आई पायाकडे?"

मी बघते. घट्ट बुटांनी वाकलेली बोटं मी खूप बघितलीत, सरळ झालेलं एकही नाही.

बाकी सगळं तेच. हनुवटीवरचा व्रण तोच, वरण-पानगे मागून खाल्ले, लहानपणीच्या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त तिला आठवतात. पण सासूबाई तिच्या हातचं पाणी घेईनात. तिच्या तोंडावर मला म्हणायच्या, "तू दे." पोरीचा चेहरा एवढासा व्हायचा. मी मध्ये पडायला हवं होतं. मी मुकाट पाण्याचा पेला भरायची.

निघायच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली. "आई, मी आल्यापासून तू नुसती माह्या पायाकडे पाहून राह्यली. मी काय केलं? माह्याकडे पाय न एकदा!"

आमच्याकडे 'पाहा'ला 'पाय' म्हणतात. तिचे डोळे भरले होते. आणि मी... मी पुन्हा तिच्या पायाकडेच बघितलं. ती खोलीत निघून गेली.

तिचे बाबा म्हणतात, तुम्ही दोघी बायांनी मिळून पोरीचा जीव घेतला. तुम्हीही म्हणाल टेन्शन होतं, भास झाला, बोट बुटानं सरळ झालं. असेल. मीही रोज स्वतःला हेच सांगते. पण घरी आली ती कोण, आणि मी उंबऱ्याबाहेर लोटली ती कोण, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

ती पुण्याला गेली, त्याच बैठकीच्या दारातून. "येते आई" म्हणाली आणि थोडी थांबली. मी मान हलवली. ऑटो वळला तसा मी झाडू उचलला. सासूबाई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. मला खालून झाडता यावं म्हणून त्यांनी फक्त पाय वर घेतले.