राखणीची पाळी

थोरल्या पोराचं लग्न झालं तसं नमगैलनं, गावाच्या मेमेनं म्हणजे आजोबानं, मोठं घर त्याच्या हवाली केलं आणि रीतीप्रमाणं शेजारच्या धाकल्या घरात बिऱ्हाड हलवलं. म्हातारी गेल्यावर तिथं तो एकटाच. चूल त्याची, चहा त्याचा. गावच्या बकऱ्या एकत्र चरतात, एकेक घर पाळीनं राखतं. घरातर्फे जायचा तोही तोच. थोरला मुतुप लेहला गाडी चालवायचा.

गेल्या सालापासून मात्र भलतंच सुरू झालं होतं. ओढ्यापाशी दोन वाटा फुटतात. तिथं पोचलं की म्हाताऱ्याचं डोकं कोरं व्हायचं. जन्मभर तुडवलेली वाट, पण आपली कोणती ते कळेना! मग तो जोड्याचा बंद बांधायचं सोंग करायचा, बकऱ्यांना पुढं जाऊ द्यायचा आणि त्यांच्या शेपटांमागं चालायचा. बोलला कुणाला नाही. बोलला असता तर चूल गेली असती आणि मुतुपनं लेहच्या भाड्याच्या खोलीत नेऊन बसवलं असतं. तिथं खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते.

त्या दिवशी बकऱ्या त्याच्यासाठी थांबल्या नाहीत. दिवस कलताना आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मागं मेमे नाही.

सून ल्हादोल आणि गावातला मेमेच्या वयाचा गुर्मेत वर धावले. मेमे दुसऱ्या वाटेच्या टोकाला, छप्पर उडालेल्या जुन्या उन्हाळी खोपटात होता. शेणी पेटवून, पूर्वीसारखं कुणीतरी दूध घेऊन येईल म्हणून वाट बघत बसलेला.

"काय रे नमगैल," गुर्मेत धापा टाकत म्हणाला, "बकऱ्या घरी पोचल्या अन् राखणारा हरवला व्हय?"

मेमेनं थट्टा परतवायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं दुसरंच. "मी कुठला राखतोय! वर्ष झालं, त्याच मला चारून आणतात."

गुर्मेत हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"मला ठाव होतं, मेमेले," ल्हादोल म्हणाली. "आपला चहा खारटच, पण तुमच्या चहात तीनतीनदा मीठ पडतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होता. मी कशी बोलू?"

"आता मुतुप लेहला नेणार."

"ठेवणार कुठं? तोच तिथं पाय दुमडून झोपतोय. तुम्ही आपल्याच घरात राहायचं. चूल मी येऊन पेटवीन, जेवण आणीन, पाळीला मी जाईन. फक्त काडेपेटी द्या इकडं."

काडेपेटी देणं जिवावर आलं. त्यानं ती खिशातून काढली, परत घातली, परत काढली. मग तिच्या हातावर आपटली.

"घे. तुझ्या सासूनंसुद्धा कधी मागितली नव्हती."

"त्या लवकर सुटल्या," ल्हादोल म्हणाली. गुर्मेतनं तोंड फिरवलं. मेमे मात्र खोखो हसला.

घरी आल्यावर शेवयांच्या थुक्प्याचं वाडगं हातात घेऊन त्यानं विचारलं, "उद्या पाळी कुणाची?"

"गुर्मेतमेमेंची."

"आपली कधी?"

"येईल तेव्हा मी जाणार."

"मी नाही ना?"

"नाही."

जरा वेळानं त्यानं तेच पुन्हा विचारलं. तिनं तेच सांगितलं. म्हाताऱ्यानं भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि वाडगं पुढं सरकवलं.

"मग वाढ आणखी."