नोएडात बसून चिलीचं आभाळ

साताऱ्याहून निघताना मी पिशवीत स्वेटर, कानटोपी आणि यजमानांची पक्षी बघायची दुर्बीण भरली. माझी भाची मुग्धा खगोलभौतिकीच्या संस्थेत पीएचडी करते. ती मला तारे दाखवणार, म्हणजे गच्ची आलीच आणि गार वाराही आलाच, असा माझा हिशेब.

"अगं, त्यांच्याकडे दुर्बीण नेणं म्हणजे लग्नाला जेवणाचा डबा नेण्यासारखं," यजमान म्हणाले. मी कसली ऐकते!

दिल्लीत द्वारकेला ताईकडे उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मुग्धाबरोबर मेट्रोने नोएडाला निघाले.

"भरसकाळी कसले गं तारे?" मी विचारलं.

"मावशी, टेलिस्कोप चिलीत आहे. तिथे आत्ता रात्र आहे. आम्ही इथून कंप्यूटरवर चालवतो."

पृथ्वीच्या पार पलीकडची दुर्बीण ही पोर नोएडात बसून वळवते! मला जे हसू फुटलं ते यमुना ओलांडली तरी थांबेना. समोरच्या बाईही उगीचच हसायला लागल्या. मुग्धा मात्र नखं खात होती. आज तिच्या ताऱ्यासमोरून एक ग्रह सरकणार होता. तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. तो उतार टिपला की तिचा प्रबंध पुरा, आणि हुकला तर पुन्हा अशी संधी थेट पुढच्या वर्षी.

स्टेशनबाहेर ई-रिक्षा (बॅटरीवर चालणारी, कुरकुरणारी) केली. वर आभाळ कसलं, धुतल्या तांदळाचं पाणी होतं.

"तारों वाली बिल्डिंग? बैठिए," रिक्षावाला म्हणाला. "पर मैडम, तारे तो यहाँ दिखते ही नहीं।"

संस्थेत घुमट नव्हता, गच्ची नव्हती. एका खोलीत चार स्क्रीन आणि चहाचे रिकामे कप होते. मुग्धाचे मार्गदर्शक डॉ. तनेजा उठून म्हणाले, "आइए मौसीजी!" त्यांनी एका स्क्रीनकडे बोट केलं. त्यावर चिलीचं अख्खं आभाळ गोल ताटासारखं दिसत होतं आणि ताटभर तारे सांडले होते. आयुष्यात इतके तारे मी पाहिले नव्हते.

"अहाहा! आभाळ काय स्वच्छ आहे गं! औषधालाही ढग नाही!" मी ओरडलेच.

मुग्धाने कपाळावर हात मारला.

"मौसीजी," तनेजा हळूच म्हणाले, "यहाँ आसमान की तारीफ़ नहीं करते।"

एवढे शिकलेले लोक, आणि हे! मी हसणार होते, पण तेवढ्यात ताटाच्या कडेचे तारे पुसले जाऊ लागले. ढग! मुग्धाच्या स्क्रीनवर ताऱ्याचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी उमटत होता, ते ठिपके विस्कटले. ग्रह यायला थोडाच अवधी उरला होता. मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. "मुग्धा, अगं ही तर दृष्ट!"

"दृष्ट म्हणजे नज़र ना?"

"तीच. आपल्याकडे गोड बाळाला मुद्दाम काळंबेंद्रं म्हणतात. आता बघच." मी पदर खोचला आणि स्क्रीनसमोर उभी राहिले. "काय मेलं हे आभाळ! यापेक्षा आमचं पोतेरं बरं!"

तनेजांना अर्थ कळला नसेल, सूर बरोबर कळला. "बिल्कुल बेकार आसमान!" ते गरजले.

"एकदम घाण, यार!" मुग्धा रडता रडता हसत ओरडली.

आम्ही तिघांनी त्या आभाळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ढग आमच्या शिव्यांनी हटला असं मी म्हणत नाही, वाऱ्यानेच हटला असणार. पण हटला! ठिपके पुन्हा रांगेत आले, हळूहळू खाली उतरले, तळाशी रेंगाळले आणि शेवटी वर चढले. नीट परातीसारखा आकार झाला. आम्ही कोणीही "छान" म्हटलं नाही. पण मी मुग्धाचे हात धरले आणि एसीच्या गारव्यात अशी फुगडी घातली की दोन कप फुटले. गारव्यासाठी चढवलेली कानटोपीही तिथेच हरवली.

दुपारी फाटकाबाहेरच्या गाडीवर मटर-कुलचे (कुलचा म्हणजे तव्यावर भाजलेली जाडसर, मऊ मैद्याची पोळी) खाल्ले. सोबतच्या मिरचीने डोळ्यांत पाणी आलं, की ते आधीचंच होतं, कोण जाणे. मुग्धाने बजावलं, "मावशी, थीसिस पास होईपर्यंत घरी माझी तारीफ नको हं."

साताऱ्याला उतरले तर शेजारच्या जोशीकाकू दारातच. "भाची मोठी शास्त्रज्ञ म्हणे?"

"कसली हो! दिवसभर काळ्या पडद्याकडे बघत बसते. अगदी बेकार पोरगी," मी म्हटलं, आणि आत जाऊन पोट दुखेपर्यंत हसले.

आमच्या घराण्यात इतकी गुणी पोर आजवर झाली नाही. हे वाक्य तेवढं मनातल्या मनात वाचा.