परतीची गाडी

प्रतिस्पर्ध्यानं पहिलं पान टाकलं आणि भिडूची तेरा पानं डमी म्हणून टेबलावर उघडी झाली, की ते आपली पानं पालथी ठेवायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "थांबा की. गाडी पळून चाललीया काय?"

ब्रिज खेळणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. डाव उघडला की बोटं शिवशिवतात. आमचा हा भिडू मात्र खिडकीबाहेर बघत बसायचा. कसबा बावड्यातला आमच्या सोसायटीचा हॉल, कारखान्याच्या मळीचा वास, आणि आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघतोय. आमच्यातले दाताचे डॉक्टर एकदा वैतागून पेपर उघडून बसले. "वाचा, वाचा," हे म्हणाले, "जरा मोठ्यानं वाचा, मीबी ऐकतो."

ते एसटीत कंट्रोलर होते. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात निम्मं बोलणं कानडी. जन्मभर स्टँडवर गाड्या सोडल्या, त्यामुळे पत्त्यांतही त्यांना गाड्याच दिसायच्या.

एकदा मी तीन नोट्रम्प बोललो, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात करायचे. डमीत चौकटची राजा, राणी, गुलाम, दश्शी अशी झकास रांग, आणि माझ्याकडे चौकटचा एकटा एक्का. उतारी इस्पिकची आली. डमीत इस्पिकची राणी होती, एक्का-राजा माझ्याच हातात. मी झटकन राणी लावली आणि हात फुकटात मिळाला म्हणून खूश झालो. मग चौकटचा एक्का खेळलो आणि तिथंच बसलो. डमीत परत जायला एक पान उरलं नव्हतं. ती सगळी रांग वाया गेली, डाव बुडाला.

ते माझी डमी होते, म्हणून डाव संपेपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, "आलासा ते ब्येस केलासा. खरं परतीची गाडी कुठाय?"

"म्हणजे?"

"राजानं हात घ्यायचा हुता. राणी तिकडंच ऱ्हाऊ द्यायची. चौकटचा एक्का काढून घ्यायचा, मग राणीवर बसून पलीकडं जायचं. आधी परतीची गाडी बघायची, मग निघायचं."

"तुम्ही रिटायर झालात, पण स्टँड काही सुटला नाही," मी चिडून म्हणालो. ते मनापासून हसले.

दिवाळीनंतर त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. एका बुधवारी हॉलबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला सांगितलं. आवाज असा, जणू जयसिंगपूरची गाडी जरा लेट आहे म्हणून सांगतायत.

"डॉक्टर म्हणतोय, इंजिन आता लई दिवस वडायचं न्हाय. माझं काय न्हाय वो. हिचं बघतोय. उभ्या जन्मात ही घराभाईर पडली ती माझ्यासंगं. मी गेलो की दार लावून बसंल, आणि एकदा बसली की उठायची न्हाय."



पुढच्या बुधवारी ते वहिनींना घेऊन आले आणि आपल्या खुर्चीत बसवलं. स्वतः मागे एका प्लास्टिकच्या खुर्चीत. घरी दुपारी त्यांना शिकवत होते म्हणे. वहिनी पानं पदराला चिकटवून धरायच्या आणि अडल्या की मागे वळून बघायच्या. हे खिडकीबाहेर बघायचे. खरं सांगतो, मी वैतागलो होतो. असला खेळाडू मागे बसलाय आणि आम्ही दर बुधवारी हरतोय.

"एक डाव तरी तुम्ही खेळा," मी म्हणालो.

"मी आता डमी. डमीनं बोलायचं न्हाय."

एकदा वहिनींनी हातात आलेला डाव घालवला. मागे ह्यांचा गुडघा जोरजोरात हलत होता, पण नजर खिडकीबाहेरच.

ऊस संपून कारखाना बंद व्हायच्या आत ते गेले.

त्यानंतरचे बुधवार आम्ही तिघं नुसता चहा पीत होतो. पत्ते पिसायचे आणि ठेवून द्यायचे. वहिनींना फोन करावा असं रोज वाटायचं, पण धीर होत नव्हता. मग एका बुधवारी दारात चपला काढल्याचा आवाज आला. वहिनी होत्या, एकट्याच. त्या सरळ येऊन ह्यांच्या खुर्चीत बसल्या.

थोड्या वेळानं त्या तीन नोट्रम्प बोलल्या. मी डमी. माझ्याकडे किलवरची मोठी रांग, त्याशिवाय बदामची फक्त राणी आणि एक बारकं पान. डॉक्टरांनी बदामच उतरला. माझा हात सवयीनं राणीकडे गेला.

"तडी," वहिनी म्हणाल्या. तडी म्हणजे थांबा, एवढं कानडी मलाही येतं.

त्यांनी पानं पालथी ठेवली. ओठातल्या ओठात मोजू लागल्या, ओंदु, एरडु, मूरु. मागची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती, पण त्या वळल्या नाहीत. माझे डोळे भरून आले. डमीनं बोलायचं नसतं, ते बरंच झालं.

"बारकं लावा, भावजी."

बदामचा एक्का हातात ठेवून राजानं त्यांनी हात घेतला. किलवरचा एकटा एक्का काढला. मग बदामची दुर्री राणीकडे पाठवली, आणि माझी किलवरं एकामागून एक पडू लागली. डॉक्टरांनी हातातली पानं खाली टाकली.

निघताना वहिनी दारात चपला घालत होत्या.

"पुढच्या बुधवारी ह्याच टायमाला न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय की," मी म्हणालो.