गुणाजीच्या डोक्यातला करंट

गावदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा हा गुणाजीच्या घरचा मान. मिठागरं गेली, शेतं गेली, शीळफाट्यापर्यंत टॉवर उभे राहिले, पण तो मान काही कुणा बिल्डरला विकता येत नव्हता. गेल्या जत्रेत मात्र अर्ध्या वाटेत गुणाजीला धाप लागली आणि चुलतभाऊ काळुरामने खांदा दिला. दिला तो दिला, वर गावभर सांगत सुटला, "गुणाजीचं वय झालं." यंदाही दम लागला तर दांडा कायमचा काळुरामच्या घरात जाणार, असं पंचांनी बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून गुणाजीला बोंबलाचं कालवणही गोड लागेना.

लेक मेघाली ठाण्याला खेळाडूंच्या सराव केंद्रात कामाला. बापाची दशा बघवेना म्हणून तिने एक पट्टा आणला. डोक्याला बांधायचा, आत दोन ओले स्पंज, बटण दाबलं की मेंदूला बारीकसा करंट.

"काही जणांना दम कमी लागल्यासारखं वाटतं, काहींना काहीच नाही होत. बघा लावून, बाबा. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवा. चिमूटभर मीठ बस झालं."

चिमूटभर! मिठागरवाल्याच्या घरात मीठ कधी चिमटीने घेतात होय? गुणाजीने मूठभर जाडं मीठ विरघळवलं, स्पंज न पिळताच डोक्याला लावले आणि वरून गच्च फेटा बांधून देवळाकडे निघाला.

पालखी उठली. गुणाजीने दांडा खांद्यावर घेतला आणि फेट्यात बोट घालून बटण दाबलं. तसं खारं पाणी थेट डोळ्यांत उतरलं आणि कपाळभर मुंग्या चावत सुटल्या. त्याची मान झटकली गेली, तोंडातून "हूंऽऽ" असा हुंकार निघाला. वाजंत्र्यांनी लगेच चाल बदलली आणि गर्दीत ओरडा झाला.

"वारं आलं! गुणाजीच्या अंगात आई आली!"

आता ज्याच्या अंगात देवी, त्याच्या खांद्यावर देवीचीच पालखी कशी ठेवणार? गावाची रीत ती. डोळे पुसेपर्यंत दांडा काळुरामच्या खांद्यावर गेलासुद्धा.

गुणाजीने फेटा सोडून पट्टा दाखवला. "अरे आई नाय, करंट हाय करंट! पोरीनं मशीन दिलीय!"

म्हाताऱ्या सगुणाने त्या पट्ट्यालाच हळदकुंकू लावलं. "आई कशातून येल ते तिची मर्जी. तू कोन सांगनारा?" मागून शेजारच्या रतनने पाया पडून आपला गाळा भाड्याने कधी जाईल ते विचारून घेतलं.

इतक्यात काळुरामच थांबला. घामाघूम होऊन गुणाजीपुढे वाकला. "आई, खांदा भरून आला. ताकद दे."

आईच्या नावाने खोटं बोलायचं म्हणजे पाप. पण बापाचा दांडा डोळ्यांदेखत चालला होता. गुणाजीने मान घुमवली आणि ओरडला, "पालखी गुणाजीच्या खांद्यावर दे!"

काळुरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देतो आई, तुझा शब्द कसा मोडू? पन गुणाजी आता हाय कुठं? तो भानावर आला का लगेच देतो."

एवढं बोलून त्याने दांडा नीट केला आणि पालखी पुढे निघाली. देवळापर्यंत लोक गुणाजीच्या पायांवर पाणी घालत राहिले. तो रिकाम्या खांद्याने चालत होता, रडत होता, आणि दम त्याला जराही लागला नव्हता.