शेळगावच्या दुधातली हिरवी चमक

आजपर्यंत हे माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं — बायकोसमोरसुद्धा नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो ना मी! कुठल्या तोंडानं सांगणार?

तेव्हा बारामतीला एम.एस्सी. करत होतो. दुधात जस्त असलं की जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकेल, असा एक रंग आम्ही प्रयोगशाळेत बनवला होता. अंगात भलतीच मस्ती. तो रंग आणि दिवा घेऊन शेळगावला मामीकडे गेलो — जिच्या भाकरीवर माझी शाळा झाली, ती मामी. ती जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत धार काढायची. म्हटलं, सापडलं! दूध केंद्राचं शटर ओढून अंधार केला, तिच्या दुधात रंगाचे थेंब टाकले, दिवा धरला. दूध हिरवट चमकलं.

“मामी, तुझ्या दुधात जस्त उतरलंय,” मी सगळ्यांदेखत म्हणालो.

केंद्रावर तिचं दूध घेणं बंद झालं. तिनं बादली बदलली, पण गेलेलं नाव कसलं परत येतंय? पुढं म्हैस व्याली. चीक शेजारी वाटायची आमच्याकडची रीत. मामीनं घरोघरी तांबे धाडले — सगळे भरलेलेच परत आले. तिनं तो चीक कुत्र्यांना घातला. मी तिथंच उभा होतो.

आणि ऐका — तेव्हा मला खरं कळलेलं होतं. बारामतीला परतल्यावर स्टीलच्या भांड्यातलं दूध, रंगाचा थेंबही न टाकता, सहज दिव्याखाली धरलं होतं. तेही हिरवट चमकलं! दूध मुळातच चमकतं. आधी नुसतं दूध बघायचं, एवढी साधी गोष्ट मी केली नव्हती.

मग बोललो का नाही? प्रयोगशाळेतले सर हसतील, गावात नाक कापलं जाईल — एवढ्यासाठीच. दुसरं काही कारण नव्हतं. भित्रा होतो.

आज दुपारी शेळगावला येऊन मामीला सगळं सांगितलं. ती गोठा झाडत होती. झाडू थांबला.

“मला एकटीला सांगून काय उपेग?” ती म्हणाली. “सकाळी केंद्रावर सांग, समद्यांम्होरं. मी हाय तुझ्यासंगं.”

माफी मागायचं धाडस झालं नाही. उद्या सकाळी आम्ही दोघं केंद्रावर जातोय.