उस्तादांनी वाकवलेला पाइप

वकीलसाहेबांनी खिशातून चुंबक काढलं आणि ते गाडीच्या मागे उकिडवे बसले. सायलेन्सरच्या पाइपाला जिथे बाक होता तिथे त्यांनी ते लावलं. चुंबक हलकेच चिकटलं.

"पाहा. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, हे तुमच्या उस्तादांनीच मला सांगितलं होतं. वर हा गंज. साधं लोखंड बसवलं माझ्या गाडीला. अमरावतीच्या कोर्टातल्या बाररूममध्ये सगळ्यांना सांगून आलोय मी."

उस्ताद जाऊन तीन महिने झाले होते. जठारपेठेतलं त्यांचं वर्कशॉप आता मी चालवत होतो. मॅट्रिक झालेला, भिक्षुकाच्या घरातला मुलगा मोटारीखाली झोपतो म्हणून घरचे रुसले होते, तेव्हा याच माणसाने मला जवळ केलं होतं. वर्कशॉपला लागूनच त्यांची खोली होती. दारावरच्या पडद्याआड चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, बसलेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"दोन दिवस गाडी इथे राहू द्या," एवढंच मी म्हणालो.

सायलेन्सरचा पाइप म्हणजे इंजिनचा धूर मागे नेणारी नळी. आतून उष्णता, बाहेरून चिखल. साधी लोखंडी नळी थोड्या वर्षांत कुजते. स्टेनलेस म्हणजे क्रोमियम मिसळलेलं पोलाद. त्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो आणि तोच त्याला राखतो. लढाईच्या दिवसांत असा पाइप मिळणं कठीण. उस्तादांनी मुंबईच्या भंगारबाजारातून तुकडा शोधून आणला आणि स्वतः वाकवला. ते त्यांचं शेवटचं मोठं काम.

त्या पाइपावर आता तांबूस ठिपके उठले होते. बाकाला चुंबक चिकटत होतं, सरळ भागाला मुळीच नाही. एकाच पाइपाचे दोन स्वभाव. थंड असताना वाकवलं तर हे पोलाद बाकापुरतं चुंबक ओढतं, असं मी वाचलेलं होतं. पण गंजाचं काय? त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. खरं सांगायचं तर तो सबंध दिवस मी उस्तादांवर संशय घेतला.

वकीलसाहेबांचा ड्रायव्हर नामदेव, त्याला विचारलं, "घरी यावर काय केलंस?"

"काई नाई जी. दिवाळीले गाडी चमकवाची होती. घासलं, मंग खोबऱ्याचं तेल चोपडलं. गंजू नये म्हून."

"गरम पाइपाला तेल?"

"माणसाच्या टकुऱ्याले चालते, त पायपाले कावून नाई चालत?"

मला वाटलं, सापडलं. तेल जळून तपकिरी झालं असेल. रॉकेलने आणि साबणाने पुसलं. तपकिरी थर निघाला, ठिपके राहिले. मी पुन्हा होतो तिथेच.

मग पाइप उतरवायचा म्हणून क्लॅम्प सोडला. क्लॅम्प म्हणजे पाइपाला धरून ठेवणारी पट्टी. तिच्याखालचा भाग चांदीसारखा स्वच्छ होता. धातू खरा होता तर. गंज बाहेरून आला होता. पण कुठून?

"नामदेव, घासलंस कशाने?"

"तुमीच त डबा देल्ला होता. काथ्याचा बुरुश अन् फडकं."

तो डबा उस्तादांचा. मी चाचींना विचारलं, हा डबा ते वेगळा का ठेवत?

"लोहे की कोई चीज़ उसमें जाने नहीं देते थे, बेटा. एक बार मैंने सुई रख दी, तो दिनभर बात नहीं किए."

तेव्हा मला आठवलं. खंडेनवमीला मी वर्कशॉपमधली सगळी हत्यारं काढली होती. कानशी, पाने, पकडी. उस्ताद गेल्यानंतरची पहिली पूजा, म्हणून सगळं लख्ख करावं असं मनात होतं. हाताशी आला तो हाच ब्रश. त्याने कानशींमधला लोखंडाचा कीस झाडला, हळदकुंकू वाहिलं आणि ब्रश परत डब्यात ठेवला. पुढे दिवाळीआधी तोच डबा नामदेवला पाइप घासायला दिला. ब्रशातला कीस पाइपावर घासला गेला, रुतला आणि गंजला. गंज त्या किसाचा होता, पाइपाचा नव्हता.

नवा काथ्या आणून लिंबाच्या रसाने घासलं, गरम पाण्याने धुतलं, कोरडं केलं. ठिपके गेले. दोन ठिकाणी बारीक खड्डे राहिले. नामदेवला सांगितलं, पाइप थंड असताना साबण-पाणी आणि कोरडं फडकं, बस. उष्णतेने येणारी सोनेरी-निळी झाक घासू नकोस.

वकीलसाहेब आले. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे चूक तुमची."

"माझी."

"लिहून द्याल?"

चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या, घडी करून खिशात ठेवल्या. "बाररूममध्ये वाचून दाखवीन," म्हणाले. मग पडद्याकडे वळले. "बाई, माझं बोलणं चुकलं."

आत कपबशी वाजली.

"चाय पी के जाव, वकीलसाब," चाची म्हणाल्या.

चहा घेऊन ते मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागले. गाडी पुन्हा माझ्याकडे आली नाही. त्यांचा भरवसा उस्तादांवर होता, तो त्यांना परत मिळाला. माझ्यावर तो का बसावा? हे पोलाद गंजत नाही, असं आता मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. घरी ते कशाने घासता, एवढं विचारतो.